आभासी जनसमुदायाचे प्रामाण्य

चित्रपटाच्या पडद्यावर दहा हजार सैनिकांची फौज किल्ल्यावर चाल करून जाताना दिसते. दुसरीकडे, रेल्वेस्थानकाच्या जिन्याची रुंदी ठरवू पाहणारा अभियंता आपल्या संगणकावर दहा हजार प्रवासी चालवून पाहतो. वरवर पाहता ही दोन्ही एकाच विद्येची फळे होत. दोहोंतील माणसे कृत्रिम, दोहोंतील गती गणिताने उत्पन्न केलेली, आणि पुष्कळदा दोहोंच्या मुळाशी असलेली समीकरणेही एकाच कुळातील. त्यांच्या यशाची कसोटी मात्र एक नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यास फौज खरी वाटली की चित्रपटकाराचे काम संपते. अभियंत्याचे काम तेथे संपत नाही. पडद्यावरील गर्दी खरी वाटते एवढ्यावरून जिना पुरेसा रुंद आहे असे त्यास म्हणता येत नाही. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर संगणकीय चित्रणाच्या इतर शाखांतही आहे. परंतु जनसमुदायाच्या प्रतिरूपणात, म्हणजे ज्यास सिम्युलेशन म्हणतात त्यात, ते माणसांच्या प्राणांशी निगडित झाले आहे. प्रस्तुत लेखात या अंतराचाच विचार करावयाचा आहे.

या विद्येचा आरंभ माणसांपासून नव्हे, पक्ष्यांपासून झाला. १९८७ मध्ये अमेरिकेतील क्रेग रेनल्ड्स यांनी थव्यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत पडद्यावर थवा उडवावयाचा तर प्रत्येक पक्ष्याचा मार्ग चित्रकाराला स्वतः आखून द्यावा लागे. रेनल्ड्स यांनी मार्ग आखण्याचे सोडून दिले आणि प्रत्येक पक्ष्याला तीन नियम दिले : शेजाऱ्यावर आदळू नये, शेजाऱ्यांच्या वेगाशी व दिशेशी आपली गती जुळती ठेवावी, आणि शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरकत राहावे. या थव्याला नायक नाही. त्याचा आकारही कोठे लिहून ठेवलेला नाही. तरीही संगणकावर जे उमटले ते थव्यासारखे वळत होते, अडथळ्यापाशी दुभंगत होते आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक होत होते. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटातील वटवाघळांचे थवे याच रीतीने उडविले गेले.

रेनल्ड्स यांचे नियम पक्ष्यांचे मोजमाप करून निघालेले नव्हते. थवा डोळ्यास पटावा एवढाच त्यांचा हेतू होता आणि तसा तो त्यांनी सांगितलाही. त्यांच्या पक्ष्याचे ‘शेजारी’ म्हणजे ठराविक अंतराच्या आत असलेले पक्षी. पुढे इटलीतील संशोधकांनी रोमच्या आकाशातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांची अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेऊन त्यांतील प्रत्येक पक्ष्याचे स्थान निश्चित केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, खरा पक्षी अंतर पाहत नाही. सर्वांत जवळच्या सहा-सात पक्ष्यांचे तो भान ठेवतो, मग ते दूर असोत वा निकट. थवा विरळ झाला तरी तो फुटत नाही याचे कारण हेच. वीस वर्षे ज्या प्रतिरूपाने सर्वांचे डोळे तृप्त केले होते, त्यातील एक मूलभूत गृहीतक पक्ष्यांना लागू नव्हते, आणि हे नुसत्या पाहण्याने कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे नव्हते.

माणसांच्या गर्दीसाठी ज्या प्रतिरूपाचा सर्वाधिक प्रसार झाला ते डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या पदार्थवैज्ञानिकांनी १९९५ मध्ये मांडले. त्यास ‘सामाजिक बलांचे प्रतिरूप’ म्हणतात. त्यातील कल्पना अशी : माणसाचा चालण्याचा निर्णय म्हणजे जणू त्याच्यावर कार्य करणाऱ्या बलांची बेरीज. एक बल त्याला त्याच्या गंतव्याकडे त्याच्या इच्छित वेगाने ओढते. दुसरे त्याला इतर माणसांपासून व भिंतींपासून दूर सारते. पादचाऱ्याचा इच्छित वेग सरासरीने सेकंदाला सुमारे १.३ मीटर धरतात, आणि तो वेग गाठण्यासाठी लागणारा कालमान सुमारे अर्धा सेकंद. स्थिर उभ्या असलेल्या माणसाचा वेग शून्य, इच्छित वेग १.३, या फरकाला अर्ध्याने भागले असता त्वरण २.६ येते. संगणक काळाचे लहान तुकडे करतो. तुकडा दशांश सेकंदाचा मानला तर पहिल्या तुकड्याअखेर त्या माणसाचा वेग ०.२६ मीटर होतो. मग नवा फरक १.०४, नवे त्वरण २.०८, आणि दुसऱ्या तुकड्याअखेर वेग सुमारे ०.४७. याप्रमाणे प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक दशांश सेकंदाला हा हिशेब चालतो, आणि त्यात शेजाऱ्यांच्या प्रतिसारणाची भर पडत जाते. गणित पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्याला समजण्याइतके सोपे आहे, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण खचितच असावे.

या हिशेबातून असे काही निष्पन्न होते की जे त्यात घातलेले नव्हते. रुंद मार्गावरून दोन विरुद्ध दिशांनी जाणारे लोक आपोआप ओळी धरतात. अरुंद दारातून दोन्ही बाजूंचे लोक जाऊ पाहत असतील तर थोडा वेळ एका बाजूचा लोंढा जातो, मग दुसऱ्या बाजूचा, आणि ही पाळी बदलत राहते. कोणत्याही मोठ्या स्थानकाच्या पुलावर सकाळ-संध्याकाळ उभे राहिल्यास ही दोन्ही दृश्ये पाहावयास मिळतात.

२००० मध्ये हेल्बिंग यांनी इल्येश फार्काश आणि टामाश विचेक यांच्या साहाय्याने याच प्रतिरूपाला देहाची जोड दिली. आता माणसे एकमेकांना टेकू लागली की त्यांच्यात दाब आणि घर्षण उत्पन्न होई. पंधरा मीटर लांबी-रुंदीच्या खोलीतून एक मीटर रुंदीच्या दारावाटे दोनशे माणसे बाहेर काढण्याचा प्रयोग त्यांनी संगणकावर केला. इच्छित वेग सेकंदाला सुमारे दीड मीटरपर्यंत वाढविला तोवर खोली लवकर रिकामी झाली. वेग त्याहून वाढविला तेव्हा मात्र ती उशिरा रिकामी होऊ लागली. दाराभोवती माणसांची कमान बनते. धान्याच्या कोठाराच्या तोंडाशी दाण्यांची जशी बनते तशी. घर्षणामुळे ती टिकते आणि अधूनमधून ढासळते. ‘जितकी घाई तितका विलंब’ या नावाने ओळखता येईल असा हा निष्कर्ष फार गाजला. त्याच निबंधात आणखी एक सूचना होती : दारासमोर, किंचित एका बाजूस, एक खांब उभा केल्यास दाब विभागला जाऊन लोक अधिक सुरळीत बाहेर पडतील.

या दोन भाकितांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. स्पेनमधील नवार विद्यापीठाच्या संशोधकांनी धान्यसदृश कण, मेंढ्या आणि माणसे अशा तिघांनाही अरुंद वाटेतून जाऊ देऊन मोजमापे घेतली. घाईने विलंब होतो हे २०१५ च्या सुमारास तिन्ही ठिकाणी सिद्ध झाले. खांबाची गोष्ट मात्र निराळी निघाली. कणांना आणि मेंढ्यांना खांबाचा उपयोग होतो असे आधी दिसले होते. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील प्रयोगांत खांबामुळे बाहेर पडण्याचा वेग वाढल्याचे आढळले नाही. दारासमोरच्या गर्दीचे आडवे हेलकावे मात्र त्याने कमी केले, आणि हा परिणाम कोणी अपेक्षिलेला नव्हता. एकाच प्रतिरूपातून, एकाच निबंधात निघालेल्या दोन भाकितांपैकी एक टिकले आणि दुसरे टिकले नाही; दोन्ही संगणकाच्या पडद्यावर सारखीच पटण्याजोगी दिसत होती.

सामाजिक बलांच्या मूळ कल्पनेत आणखी एक वैगुण्य आहे. प्रतिसारणाचे बल अंतरावर अवलंबून असते आणि अंतर वाढले की ते झपाट्याने घटते. २००० च्या निबंधातील मूल्ये घेतली तर दर आठ सेंटिमीटरला ते एक-तृतीयांशाच्या किंचित वर उरते, म्हणजे चोवीस सेंटिमीटरवर मूळच्या विसाव्या भागाइतके. आता एक माणूस शेजारून, हातभर अंतरावर, त्याच दिशेने चालला आहे आणि दुसरा तितक्याच अंतरावर समोरून अंगावर येत आहे अशी कल्पना करावी. या सूत्राला दोघे सारखेच. खरा पादचारी पहिल्याकडे लक्षही देत नाही, आणि दुसऱ्याला त्याने त्याआधीच दोन पावलांवरून वाट दिलेली असते. २०१४ मध्ये कारामूझास, स्किनर आणि गाय यांनी पादचाऱ्यांच्या नोंदलेल्या मार्गांचे विश्लेषण करून दाखविले की, दोन माणसांमधील परस्परक्रिया अंतरावर नव्हे तर टक्कर होण्यास उरलेल्या काळावर ठरते. त्या काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ती वाढते. दोन सेकंदांचा एक सेकंद झाला की चौपट. सुमारे तीन सेकंदांपलीकडे तिचा प्रभाव विरतो. गर्दीतला माणूस म्हणजे ढकलला जाणारा गोळा नव्हे. तो पुढचे पाहून चालतो, आणि किती पुढचे हेही आता मोजले गेले आहे.

चित्रणशास्त्राच्या बाजूने हाच विचार आधीच वेगळ्या रूपात आला होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात यूर फान डेन बेर्ख, मिंग लिन आणि दिल्लीच्या आय. आय. टी.चे पदवीधर दिनेश मनोचा यांनी २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक माणूस, कोणत्या वेगाने गेल्यास नजीकच्या काळात टक्कर होईल, ते वेग वर्ज्य ठरवितो. मात्र टक्कर टाळण्याची निम्मी जबाबदारी समोरचाही घेईल हे तो गृहीत धरतो. ही निम्म्याची अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर दोघेही पूर्ण बाजूला होतात, पुन्हा पूर्ण परततात, आणि बोळात समोरासमोर आलेल्या दोन संकोची गृहस्थांप्रमाणे त्यांचे डोलणे सुरू होते.

हजारो माणसांचा हिशेब वेगाने कसा करावयाचा हा प्रश्न एकेकाळी फार मोठा होता. दहा हजार माणसांत जोड्याच सुमारे पाच कोटी होतात. जागेचे लहान चौकोन पाडून फक्त लगतच्या चौकोनांतील माणसे तपासणे हा त्यावरील उपाय. किंवा माणसे वेगळी न मोजता घनता आणि प्रवाह यांचाच विचार करणे, जसा ह्यूज यांनी २००२ मध्ये आणि ट्रॉय, कूपर व पोपोविच यांनी २००६ मध्ये केला. आजच्या यंत्रांपुढे ही अडचण गौण ठरली असल्याने तिचा अधिक विस्तार करण्याचे कारण नाही.

चित्रपटसृष्टीने या संशोधनाचा जो लाभ घेतला तो सर्वविश्रुत आहे. न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलस यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालेसाठी ‘मॅसिव्ह’ नावाची जी प्रणाली रचली तिच्यात प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र निर्णयशक्ती दिलेली होती. परंतु प्रेक्षकाची दृष्टी किती सहज समाधान पावते याविषयीचे अधिक उद्बोधक संशोधन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. रॅचेल मॅक्डॉनल, कॅरल ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, एकाच चेहऱ्यामोहऱ्याची माणसे गर्दीत पुन्हा पुन्हा वापरल्यास पाहणाऱ्याच्या ती लवकर ध्यानात येतात. एकाच चालीची माणसे मात्र सहजासहजी ओळखू येत नाहीत. चित्रकारासाठी हा उत्तम उपदेश आहे : कपडे आणि चेहरे बदला, चाल बदलण्याचे श्रम वाचवा. परंतु ज्याला जिन्यावरील दाब काढावयाचा आहे त्याच्या दृष्टीने चाल हेच सर्वस्व, आणि नेमके तेथेच मानवी डोळा आंधळा आहे. पाहून खात्री करून घेण्याचा मार्ग यामुळे बंद होतो.

मग खात्री करावयाची कशी? पुष्कळ वर्षे प्रतिरूपांचे समर्थन असे केले जाई की त्यांत ओळी आपोआप बनतात, दारापाशी कमान उमटते, म्हणून ती खरी. हे समर्थन दुबळे आहे. ओळी सामाजिक बलांच्या प्रतिरूपात बनतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांवर माणसे सरकविणाऱ्या प्रतिरूपात बनतात, आणि टक्कर टाळणाऱ्या प्रतिरूपातही बनतात. जे सर्वांतून निघते त्यावरून कोणतेही एक सिद्ध होत नाही. म्हणून मोजता येईल असे काहीतरी हवे. ते म्हणजे घनता आणि वेग यांचा संबंध : गर्दी वाढली की चाल किती मंदावते. या शास्त्रात त्यास मूलभूत आलेख म्हणतात.

या मूलभूत आलेखाची एक कथा भारतीय संशोधकांना विशेष जवळची आहे. कानपूरच्या आय. आय. टी.तील उज्जल चट्टराज व पार्थ चक्रवर्ती यांनी जर्मनीतील आर्मिन सायफ्रीड यांच्यासमवेत एक साधा प्रयोग केला. लंबवर्तुळाकार वाटेवरून माणसांना एकामागे एक चालविले आणि त्यांची संख्या वाढवीत नेली. हाच प्रयोग जर्मनीत जर्मन लोकांवर आणि भारतात भारतीयांवर झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दाटी वाढली असता भारतीयांचा वेग जर्मनांच्या मानाने कमी मंदावतो. भारतीयांचे चालणे अधिक अव्यवस्थित होते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, अधिक कार्यक्षम ठरले, याचे खुद्द संशोधकांनाही आश्चर्य वाटले. यावरून राष्ट्राभिमानाचे कारण निघत नाही. युरोपात मोजलेल्या मूल्यांवर आधारलेले प्रतिरूप भारतातील स्थानकावर किंवा यात्रेत जसेच्या तसे लावल्यास ते चुकेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि चूक कोणत्या बाजूस होईल हे आधी सांगता येत नाही, कारण कमी अंतर ठेवून चालणारे लोक अधिक वेगाने पुढे सरकतात हे खरे असले, तरी तेच लोक धोक्याच्या घनतेलाही अधिक लवकर पोहोचतात. शिवाय एकेकटा माणूस हे जे या प्रतिरूपांचे एकक, ते येथे लागू पडेलच असे नाही. फ्रान्समध्ये मेहदी मूसाइद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या निरीक्षणांत सत्तर टक्क्यांपर्यंत पादचारी कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने चालताना आढळले. जेथे कुटुंबे हात धरून आणि वारकरी दिंड्यांनी चालतात तेथे याचा विचार किती अगत्याचा आहे हे सांगावयास नको. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात प्रत्यक्ष निरीक्षणे घेतली ती या दृष्टीने स्वागतार्ह होत.

दाट गर्दीच्या अंतिम अवस्थेविषयी मात्र प्रयोग करणेच अशक्य असते. माणसांना चेंगरून मोजमाप घेता येत नाही. त्यामुळे जे ज्ञान मिळाले ते दुर्घटनांच्या चित्रफितींतून. १२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळ मीना येथे जमरात पुलाच्या प्रवेशाशी तीनशेहून अधिक हाजी मृत्युमुखी पडले. तेथील कॅमेऱ्यांच्या चित्रफिती हेल्बिंग, अँडर्स योहान्सन आणि हबीब अल्-आबिदीन यांनी तपासल्या. प्रथम प्रवाह सरळ होता. मग तो एकाएकी थांबत-सरकत जाऊ लागला, आणि लाटा मागे जाऊ लागल्या. त्यानंतर दुसरे स्थित्यंतर झाले : लोक सर्व दिशांना, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, भूकंपाच्या धक्क्याप्रमाणे फेकले जाऊ लागले. या अवस्थेत कोणी चालत नाही. माणूस आपल्या पायांचा धनी राहत नाही. २००७ च्या आपल्या निबंधात या संशोधकांनी मोकळेपणाने नमूद केले की या निरीक्षणांमुळे पूर्वीच्या अनेक प्रतिरूपांविषयी शंका उपस्थित होते. ज्यांचे स्वतःचे प्रतिरूप सर्वाधिक प्रसिद्ध होते त्यांनीच असे लिहावे ही गोष्ट उल्लेखनीय आहे. या अभ्यासानंतर हजच्या व्यवस्थेत बदल झाले आणि त्यापुढील हज सुरक्षित पार पडला. तथापि २४ सप्टेंबर २०१५ रोजी मीना येथेच, परंतु पुलावर नव्हे तर दोन रस्त्यांच्या मिलाफापाशी, त्याहून कितीतरी मोठा संहार घडला. पुलाचे प्रतिरूप रस्त्यांच्या जाळ्याचे प्रतिरूप नव्हे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आताचे प्रभादेवी) पादचारी पुलावर तेवीस प्रवाशांचा अंत झाला. पावसामुळे लोक जिन्यावर थांबून राहिले आणि गाड्यांतून उतरणारे आणखी लोक येतच राहिले. अशा प्रसंगी घातक काय असते हे समजण्यास कधी कधी संगणकाचीही गरज नसते. उदाहरणादाखल, जिना दोन मीटर रुंद आहे आणि रुंदीच्या दर मीटरमागे दर सेकंदाला एक माणूस जातो असे मानावे. मिनिटाला एकशे वीस माणसे झाली. तीन मिनिटांत एक हजार माणसे फलाटावर उतरली तर तीनशे साठ वर जातील आणि सहाशे चाळीस उरतील. पुढच्या तीन मिनिटांत पुन्हा हजार. मागच्यांना पुढे वाट तुंबली आहे हे दिसत नाही, आणि पुढच्यांना मागे सरता येत नाही.

अशा घटनांनंतर वृत्तपत्रांत जे स्पष्टीकरण येते ते बहुधा ‘अफवा पसरली, घबराट उडाली’ असे असते. येथे शब्दांचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीतील ‘स्टँपीड’ हा शब्द बुजून उधळलेल्या गुराढोरांवरून आला आहे. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ या शब्दात उधळणे नाही, पळणे नाही. त्यात केवळ एकमेकांवर येणारा दाब आहे. वस्तुस्थितीला मराठी शब्द अधिक जवळचा आहे. अशा प्रसंगी पुष्कळ माणसे उभ्याने, छाती फुगविण्यास जागा न उरल्यामुळे, गुदमरून मरतात. अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी नोंदविले आहे की अनेक दुर्घटनांनंतर वाकलेले पोलादी कठडे आढळले, आणि ते वाकविण्यास साडेचार हजार न्यूटनहून अधिक बल लागले असले पाहिजे. इतके बल कोणा एकाच्या घबराटीतून येत नाही. ते मागून येणाऱ्या, पुढे काय चालले आहे याची कल्पना नसलेल्या अनेकांच्या साध्या रेट्यांची बेरीज असते.

२००० च्या त्या प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकातच ‘पॅनिक’ हा शब्द होता, आणि समाजमानसशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला तो सकारण होता. १९७९ मध्ये सिनसिनाटी येथे एका संगीतसभेच्या दाराशी अकरा जण मरण पावले. नॉरिस जॉन्सन यांनी १९८७ मध्ये तेथील साक्षी तपासून दाखविले की लोकांनी निष्ठुर स्पर्धा केली नव्हती, उलट शक्य तोवर परस्परांना मदत केली होती. जॉन ड्रूरी आणि सहकाऱ्यांना लंडनमधील ७ जुलै २००५ च्या बाँबस्फोटांतून वाचलेल्यांच्या कथनांत तेच आढळले. हा वाद केवळ शब्दांचा नाही. प्रतिरूपात ‘घबराट’ नावाचा एक अंक ठेवला आणि तो वाढविताच माणसे मरू लागली, तर दोष मृतांच्या स्वभावाकडे जातो. तोच परिणाम दाराची रुंदी, येणाऱ्यांची संख्या आणि मागच्यांना न मिळालेली माहिती यांतून निघाला तर दोष अन्यत्र जातो. चौकशी समितीपुढे या दोन प्रतिरूपांचे मोल एक नाही.

आभासी वास्तवाचा उपयोग या वादात होऊ लागला तो याच कारणाने. डोक्यावर दृश्यपट चढवून कृत्रिम परिसरात वावरण्याची कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६८ च्या यंत्राइतकी जुनी आहे. परंतु कृत्रिम आगीत खऱ्या माणसाला, कोणतीही इजा होऊ न देता, टाकता येते हे तिचे महत्त्व नंतर ध्यानात आले. मूसाइद आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये छत्तीस जणांना एकाच वेळी एका सामायिक त्रिमितीय इमारतीत उतरविले. प्रत्येक जण आपापल्या संगणकापुढे बसून आपली आकृती चालवीत होता. ताण वाढविला असता लोक एकाच बाजूस लोटू लागले आणि काही ठिकाणी धोकादायक दाटी झाली. या प्रयोगातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा की, लोकांची एकमेकांचे अनुकरण करण्याची प्रवृत्ती ताणामुळे वाढली होती असे मानावे लागत नाही; दाट गर्दीत एकाच वेळी अधिक माणसे नजरेस पडतात, आणि तेवढ्यानेच कळपासारखे वर्तन उद्भवते. घबराटीच्या सिद्धांताचा एक आधार येथे ढळला.

तरीही या साधनाचे प्रामाण्य तपासून घेतले पाहिजे. आभासी परिसरातील माणूस समोरच्या आकृतीला वळसा घालताना प्रत्यक्षापेक्षा किंचित अधिक अंतर ठेवतो, आणि डोक्यावरील दृश्यपटातून अंतरे खऱ्याहून कमी भासतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये दोन भ्रमांत भेद केला : आपण ‘तेथे’ आहोत हा एक, आणि जे घडते आहे ते खरोखरच घडते आहे हा दुसरा. पहिला भ्रम उत्तम साधला म्हणून दुसरा साधेलच असे नाही. आणि गर्दीच्या ज्या अवस्थेत माणसे मरतात ती अवस्था डोळ्यांची नव्हे, फासळ्यांची आहे. बरगड्यांवरचा दाब आजचा कोणताही दृश्यपट देऊ शकत नाही. त्याने तो द्यावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणून आभासी वास्तवातून माणूस कोणता दरवाजा निवडतो, कोणाच्या मागे जातो, खुणेची पाटी वाचतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. कोंडी झाल्यानंतर काय होते त्याचे उत्तर तेथे नाही.

ते उत्तर पुन्हा प्रत्यक्ष गर्दीकडूनच घ्यावे लागले. स्पेनमधील पाम्प्लोना येथे सान फेर्मीनच्या उत्सवाच्या आरंभी नगरसभेसमोरील चौकात हजारो लोक दाटीवाटीने उभे राहतात. फ्रान्समधील डेनी बार्तोलो आणि सहकाऱ्यांनी या चौकाचे उंचावरून अनेक वर्षे चित्रण केले. नवार विद्यापीठाचे इकेर सुरीगेल हेही त्यांच्यासमवेत होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, घनता विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचा समूह एकत्रितपणे, कोणी न ढकलता, मंद वर्तुळाकार हेलकावे खाऊ लागतो. एका हेलकाव्यास सुमारे अठरा सेकंद लागतात. कोणाही एका माणसाच्या चालीत अशा लयीचे मूळ सापडत नाही. ती त्या चौकाच्या विस्ताराशी आणि दाटीशी बांधलेली आहे. मग त्यांनी जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी ज्या संगीतोत्सवात एकवीस तरुण-तरुणी गेल्या त्याच्या चित्रफिती काढून पाहिल्या. तेथेही दुर्घटनेपूर्वीच्या गर्दीत तशाच प्रकारचे आंदोलन होते. ते ओळखण्यासाठी प्रत्येक माणसाचा माग काढावा लागत नाही, त्याच्या मनाविषयी काही गृहीत धरावे लागत नाही; उंचावर बसविलेला एक कॅमेरा आणि त्यातील चित्रांवरून सरासरी वेग काढणारा साधा संगणक एवढे त्यास पुरते.